बॅटरीचा श्रावण

शनिवार पेठेत बॅटरीचं दुकान एक बाई चालवते, हा काहीतरी चुकून झालेला प्रकार असणार असं लोकांना अजूनही वाटतं. आत येतात, माझ्याकडे बघतात, मग माझ्या मागे बघतात. मागे भिंत आहे. मग विचारतात, मालक कुठे आहेत? मी म्हणते, समोर. एवढ्यावर काही जण परत जातात, त्यांना मी अडवत नाही. ज्यांना बॅटरीपेक्षा पुरुष हवा असतो त्यांची सोय माझ्याकडे नाही.

दुकान वडिलांचं. मी एकुलती एक. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि हायड्रोमीटर हातात घ्यायचा. म्हणजे काचेची नळी, वर रबरी फुगा. बॅटरीच्या कप्प्यातलं पाणी वर ओढायचं, आत तरंगणाऱ्या कांडीवरचा आकडा वाचायचा आणि तो वडिलांना ओरडून सांगायचा. आमच्या धंद्यात त्याला ग्रॅव्हिटी म्हणतात. बाराशे ऐंशी म्हणजे पूर्ण भरलेली, साडेअकराशे म्हणजे रिकामी. वडिलांचा आधी आकड्यावर विश्वास, माणसावर नंतर. मीही त्यांचीच मुलगी आहे.

मोटारींना, इन्व्हर्टरला, लग्नाच्या मांडवातल्या जनरेटरला मी आजवर किती बॅटऱ्या दिल्या याची मोजदाद नाही आणि त्यातल्या बहुतेक मला आठवतही नाहीत. एक मात्र आठवते. ती एका होडीत आहे. मला पोहता येत नाही, आणि पन्नाशी उलटून गेली तरी बागेतल्या तळ्यातली पायाने चालवायची बदकाची होडी सोडली तर मी कुठल्याही होडीत बसले नव्हते. तरीसुद्धा आयुष्यात अभिमानाने सांगण्यासारखं काय केलंस असं कुणी विचारलं, तर मी त्या बॅटरीचंच नाव घेईन.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत साठीचा एक माणूस दुकानात आला. काटक, उन्हाने काळवंडलेला, उजवा हात अंगाशी धरलेला. त्याने माझ्या मागे बघितलं नाही. काउंटरवर जाळ्याचा एक तुकडा पसरला. नायलॉनचं जाळं, मध्येच तळहाताएवढी भोकं, कडा विरघळल्यासारख्या.

“ताई, ह्येला बॅटरीच्या पान्यानं भोकं पडली म्हनत्यात. खरं हाय का?”

मी म्हटलं, खरं आहे. बॅटरीचं पाणी हा शब्दच घातकी आहे. बाटलीतून वर घालतात तेही बॅटरीचं पाणी आणि आत असतं तेही बॅटरीचं पाणी. पहिलं निरुपद्रवी, दुसरं ॲसिड. त्यांनी मान हलवली आणि स्टुलावर बसून सगळी हकिगत सांगितली.

खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याच्या काठी त्यांची वस्ती. पिढ्यान्पिढ्या मासेमारी. दोन वर्षांपूर्वी काठावरच्या गाळात पाय घसरून ते खांद्यावर पडले आणि त्या खांद्याने पुन्हा वल्हं मारायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. एका हाताने वल्हं मारलं तर होडी गोल फिरते. पेट्रोलच्या इंजिनाचा विषयच नव्हता. जे पाणी आपण पितो आणि सगळं पुणं पितं त्यात तेल सांडायचं नाही, हा त्यांचा नियम. मग खराडीच्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना ट्रोलिंग मोटर मागवून दिली. दांड्याच्या टोकाला छोटा पंखा असतो, तो पाण्यात सोडायचा, दांडा होडीच्या कडेला चिमट्याने आवळायचा, आणि बॅटरीवर तो आवाज न करता होडी पुढे नेतो. ते तिला नुसतं पंखा म्हणत.

पंख्यात काही खोट नव्हती, खोट बॅटरीत होती. पहिली त्यांनी गॅरेजमधून घेतली, मोटारीची. ती दीड महिन्यात बसली. दुसरी घरातल्या इन्व्हर्टरची, उंच. जाळं ओढताना होडी कलली तशी ती आडवी झाली आणि आतलं सगळं जाळ्यावर सांडलं. मुलीने आता बापाची सोय लावून ठेवली होती. तिच्या ऑफिसजवळच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा, राहायला खोली, खुर्चीत बसायचं काम. होडी चुलतभावाला देऊन टाकायची. लेक वाईट नव्हती. एक हात गेलेला बाप भल्या पहाटे एकटा पाण्यात जातो, याची तिला भीती वाटत होती. तिसऱ्या बॅटरीपर्यंत ती थांबणार होती, चौथी नाही असं तिने स्पष्ट सांगितलं होतं.

“खुर्चीत बसून म्या काय करू, ताई?” त्यांनी विचारलं. याचं उत्तर बॅटरीच्या दुकानात मिळत नाही, पण बॅटरी मिळते.

बॅटरी उतरली, असं ते म्हणत होते. मी आधी तो शब्द सुधारला. तशी मला सवयच आहे. म्हटलं, मामा, बॅटरी उतरते आणि बॅटरी बसते, या दोन वेगळ्या गोष्टी. उतरलेली पुन्हा चढवता येते. बसलेली उठत नाही. मोटारीची बॅटरी गाडी सुरू करताना क्षणभर जोर लावण्यासाठी केलेली असते, तिच्या आतल्या पट्ट्या पातळ. तिला तासन् तास काम करायला लावून रोज तळ गाठला की ती उतरता उतरता बसते. तुम्हाला जाड पट्ट्यांची हवी, सावकाश आणि बराच वेळ देणारी.

मग मी विचारलं, जाळं काठापासून किती लांब टाकता? ते म्हणाले, जाताना तीन बिड्या, येताना चार. वारा तोंडावर असला तर पाच.

मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, पण बिडीवरून अँपिअर काढायची वेळ कधी आली नव्हती. बॅटरीच्या दुकानात काडी ओढायची नाही, म्हणून त्यांना समोरच्या फुटपाथवर उभं केलं आणि घड्याळ लावलं. बिडी मध्ये दोनदा विझली, ते धरून आठ मिनिटं. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. पंख्याच्या माहितीपत्रकावरून प्रत्येक वेगाला किती विजेची ओढ हे मुलीने फोनवर वाचून दाखवलं. दोन फेऱ्या, वारा, जाळ्याशी हळूहळू फिरणं, सगळं धरून दिवसाला पन्नास अँपिअर-अवर निघाले. बॅटरी निम्म्याच्या खाली न्यायची नसते. म्हणजे शंभराची हवी.

फोनवर मुलीने एक प्रश्न विचारला आणि तो चांगला होता. “काकू, ॲक्च्युअली लिथियम बेटर नाही का? लाइट असते, लाइफ जास्त असतं.” मी म्हटलं, बेटर आहेच, आणि महागही आहे. पण लिथियम शेवटपर्यंत जोरात चालते आणि रिकामी झाली की आतलं सर्किट तिला एकदम बंद करतं. शिशाची बॅटरी सांगून दमते. पंखा मंदावतो, माणसाला परत फिरायला वेळ मिळतो. एका हाताच्या माणसाला मला सांगून दमणारी द्यायची होती. आज कदाचित मी वेगळा विचार करेन, तेव्हा हा केला आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

मी ई-रिक्षाची बॅटरी निवडली. दिवसभर थोडी थोडी वीज द्यायची, खड्ड्यांतून आदळत जायचं आणि संध्याकाळी चार्जिंगला लागायचं, यासाठीच ती केलेली. बुटकी, म्हणजे सहजासहजी आडवी होणार नाही. मी म्हटलं, पंख्याशेजारी, मागे ठेवा. त्यावर मामा पहिल्यांदा हसले. मागे मी, मागे पंखा, मागे बॅटरी, मग होडीचं नाक आभाळात जाईल की, म्हणाले. मी होडी न बघता होडीवर बोलत होते, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बॅटरी मधल्या फळीखाली गेली. तार लांब लागणार म्हणून जाड घेतली, नाहीतर वीज वाटेतच खर्च होते. बॅटरीजवळ फ्यूज घातला. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ती बसवून ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी आवळली.

आणि मग मी माझ्या मनाने एक गोष्ट जास्तीची केली. क्रेटवर बोटभर मीटर बसवला, लाल आकडे दाखवणारा. त्याच्याखाली मार्करने लिहिलं : १२.२ च्या खाली परत फिरा. पंखा थांबवून पाच मिनिटांनी आकडा वाचायचा, हेही शिकवलं. तो मीटर लुकलुकताना बघून मला फार बरं वाटलं होतं.

निघताना नियम सांगितले. वापरून आलात की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. चुलीपासून लांब, खिडकी उघडी. आधी चार्जिंग, मग पाणी, आणि पाणी फक्त बाटलीतलं. टोकांना व्हॅसलीन. आणि न वापरता उगाच चार्जिंगला लावायची नाही, उगाच हात लावायचा नाही. शेवटचा नियम मी जरा दरडावूनच सांगितला, कारण लोकांना हात लावायची फार हौस असते.

नियम पाळणारं असं घर मी बघितलं नाही. पाण्याचं खातं त्यांच्या बायकोने घेतलं. दर शनिवारी मावशी झाकणं उघडून बघायच्या आणि शेजारच्या कुणी विहिरीचं पाणी चालतं म्हटलं तर त्याला ओट्यावर चढू द्यायच्या नाहीत. महिना-दीड महिन्याने मामा बाटली न्यायला यायचे तेव्हा मी आकडे विचारायचे आणि ते पाठ म्हणून दाखवायचे. पाच-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मी ओळखीच्यांना सांगत सुटले की खडकवासल्याला एक होडी माझ्या बॅटरीवर चालते.

गणपतीतले दिवस होते. गौरींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. पेठेतले रस्ते गाड्यांना बंद, बॅरिकेडमधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. त्या गर्दीतून मामा आले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर क्रेटसकट बॅटरी, डाव्या हाताने धरलेली. नदीपलीकडे रिक्षा सोडून तीस किलोचं ओझं त्यांनी चालत आणलं होतं. वाटेत दोघातिघांनी त्यांना हात जोडले म्हणे, वरून फडकं होतं म्हणून मूर्ती वाटली असेल. ते मला हसत सांगत होते, पण चेहरा उतरलेला होता.

मीटरवर १०.१ होता. मी हायड्रोमीटर घातला. कांडी तळाला बसून राहिली. सहाही कप्पे तसेच. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. एवढं सांगून हे काय केलंत, त्याच दिवशी चार्जिंग म्हणजे त्याच दिवशी, वगैरे मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं.

आषाढाच्या अमावास्येला, म्हणजे गटारीला, गिऱ्हाईक मासळीवर तुटून पडतं. त्या दिवशी त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी वादळ झालं, लाइट गेली ती दोन दिवस आली नाही. तोवर श्रावण लागला. आणि श्रावणात त्यांच्या घरात होडीची कुठलीही वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही. जाळं, टोपली, कोयता, वल्ही, सगळं धुऊन होडीत ठेवायचं, वर ताडपत्री, आणि अनंत चतुर्दशी होईपर्यंत हात लावायचा नाही. सासूने मावशींना घालून दिलेली रीत. आजवर अडचण आली नव्हती. या वर्षी प्रश्न पडला, बॅटरी घराची की होडीची? मावशींनी वास घेऊन बघितला. मासळीचा वास आला. म्हणजे होडीची. बॅटरी ताडपत्रीखाली गेली, तारांसकट.

“आन तुमीच म्हनला हुता, न वापरता हात लावायचा न्हाई,” मामा म्हणाले.

म्हणजे बॅटरीनेही श्रावण पाळला, अर्ध्या पोटी. शिशाची बॅटरी भरलेली ठेवली तर महिनाभर झोपते, अर्धी ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि तो घट्ट होत जातो. मला हसावं की रडावं कळेना. आणि तेवढ्यात मामा सहज म्हणाले की ताडपत्रीखाली तुमचा लाल दिवा रोज दिसायचा. मावशी म्हणायच्या, दिवा तेवतोय म्हणजे बरं चाललंय, समईसारखा. काल तो मंद दिसला म्हणून आणली.

माझा हात क्रेटवरच राहिला. तो मीटर मी थेट बॅटरीला जोडला होता, बटण न देता. तो काय थोडीशीच वीज पितो, पण अडतीस दिवस, रात्रंदिवस. मी कागदावर हिशेब मांडला. तीन फेऱ्यांनंतर बॅटरीत पंचवीस-तीस अँपिअर-अवर उरले असतील. त्यातले अठरा माझ्या दिव्याने प्यायले. कुणी मागितला नव्हता तो मीटर. हात दाखवून अवलक्षण.

हे त्यांना कळलं नसतं. ज्या मुलीला कळण्यासारखं होतं ती खराडीत होती. चूक श्रावणाची म्हणून मी दुकान बंद करून आरतीला गेले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण आकड्यावर विश्वास ठेवायचा तर सगळ्याच आकड्यांवर ठेवावा लागतो. मी म्हटलं, “मामा, निम्मी चूक तुमच्या श्रावणाची. निम्मी माझ्या दिव्याची. मी तुम्हाला नवी देते.”

ते नको म्हणाले. नवी म्हणजे चौथी, आणि चौथी दिसली की मुलगी ऐकणार नव्हती. अनंत चतुर्दशीनंतर ती रजा काढून घरी येणार होती. पहिलं जाळं तिच्यासमोर टाकायचं, बॅटरी चालली तर ठीक, नाहीतर ती त्यांना बरोबरच घेऊन जाणार होती. सोसायटीवाले माणसासाठी थांबले होते. “हीच उठली तर बगा,” एवढं बोलून ते गर्दीत दिसेनासे झाले. माझ्या हातात पाच-सहा दिवस होते.

नव्या स्वयंचलित चार्जरला बॅटरी जोडली तर त्याने खराब असा दिवा लावून हात झटकले. आजकालची यंत्रं फार लवकर निकाल देतात. मी वडिलांचा जुना चार्जर काढला, लोखंडी पेटीचा, फिरवायचं बटण आणि काटा असलेला. तो काही विचारत नाही, आपण सांगू तेवढं करतो. पहिल्या दिवशी काटा जागचा हलेना. बॅटरी वीज घेतच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दीडवर आला, संध्याकाळी तीनवर. तिथेच रोखला. घाई केली असती तर पट्ट्या वाकल्या असत्या. दर दोन तासांनी सहाही कप्प्यांची ग्रॅव्हिटी घेऊन पाटीवर लिहायची, अंगाला हात लावून बघायचा, गरम वाटली की थांबायचं. भरली की मोटारीच्या हेडलाइटचे दिवे लावून सावकाश रिकामी करायची आणि पुन्हा भरायची, म्हणजे थर थोडा थोडा सुटतो.

बाहेर ढोल-ताशे आणि कपाटाच्या काचा थरथरताहेत, आत मी पाटी घेऊन बसलेली. नवरा डबा घेऊन यायचा आणि विचारायचा, नैवेद्य हिला आधी दाखवू की तुला? चौथ्या दिवशी पाच कप्पे बाराशेच्या वर गेले. सहावा अकराशे सत्तरवर अडून बसला. त्या दिवशी मी त्या कप्प्याशी बोलले, हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. विसर्जनाच्या दिवशी पेठेतून मुंगीलाही वाट नव्हती, तरी सकाळी मी दुकान उघडलं. पाच कप्पे बाराशे साठ. सहावा बाराशे पस्तीस.

मग दिवे लावून मोजमाप केलं. शंभराची सत्तर झाली होती. तीस गेले ते गेले, ते कुणी परत आणू शकत नाही, मीही नाही. पण सत्तर मी आणले होते. शिष्ट चार्जरने ज्या बॅटरीवर फुली मारली होती तिच्यातून आणले होते, आणि त्या दुपारी मला माझा जो अभिमान वाटला तो मी आरशात बघून घेतला. मग मीटरला बटण बसवलं.

रस्ते मोकळे झाल्यावर सकाळी बॅटरी रिक्षात घातली आणि स्वतः गेले. काठावर मुलगी हाताची घडी घालून उभी होती. तिला मी सगळं खरं सांगितलं, दिव्यासकट. म्हटलं, आता दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा चार्जिंग लागेल, आणि श्रावणात बॅटरी घरात राहील. मावशी म्हणाल्या, घरात कशी? मी म्हटलं, धुऊन, पुसून, नाव घराचं लावून. त्यांनी क्षणभर विचार केला, बॅटरीवर हळदकुंकू वाहिलं आणि ती घराची करून टाकली. टोकांवर कुंकू नको एवढं मी सांगितलं. मुलगी हसली नाही. म्हणाली, “काकू, तुम्ही शुअर आहात?”

मी तिच्या हातातलं लाइफ जॅकेट घेतलं, अंगात चढवलं आणि होडीत बसले. मला वाटतं तिला यापेक्षा चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

पंख्याचा आवाज येत नाही हे मला माहीत होतं, पण इतका येत नाही हे माहीत नव्हतं. काठ मागे गेला, मुलगी बोटाएवढी झाली. मामा एका हाताने दांडा धरून बसले होते, आणि दुकानात स्टुलावर अवघडून बसणारा माणूस तो हाच यावर विश्वास बसत नव्हता. जाळं वर आलं त्यात चिलापी होती, दोन मोठे कटले होते. परत फिरलो आणि पश्चिमेकडून वारा सुटला, बरोबर तोंडावर. होडी जागीच हलल्यासारखी वाटायला लागली. मामांनी वेग वाढवला. मीटरवरचा आकडा खाली आला, बारा, मग अकरा पूर्णांक आठ. चालू पंख्यावर आकडा खाली दिसतोच, हे मी शंभर लोकांना शिकवलंय. त्या वेळी ते मला अजिबात पटत नव्हतं. मी म्हटलं, मामा, गरज पडली तर असावीत म्हणून वल्ही कुठे ठेवलीत?

“वल्ही न्हाई आनली.”

“का?”

“मारनार कोन? माजा हात न्हाई, तुमाला येत न्हाई.” मग वाऱ्याकडे तोंड करून ते म्हणाले, “आन बॅटरी तुमीच भरलिया की.”

मी त्यांना शिव्या घालायला तोंड उघडलं आणि रडूच यायला लागलं. असा भरवसा माझ्यावर माझ्या माणसांनीही कधी टाकला नव्हता. मामांनी नियमाप्रमाणे पंखा थांबवला. पाच मिनिटं होडी वाऱ्यावर मागे सरकत राहिली. आकडा वाचायचं मला धैर्य होईना, म्हणून मी डोंगराकडे बघत बसले. त्यांनी वाकून वाचला, शाळेत पाढे म्हणावेत तसा. बारा, टिंब, चार. मग पंखा सुरू केला आणि पाच बिड्यांचं अंतर आम्ही सावकाश कापलं.

काठाला लागलो तेव्हा मावशी टोपली घेऊन पाण्यात उतरल्या होत्या. मुलीने आधी क्रेटवरचा आकडा बघितला, मग जाळं, मग बापाचा चेहरा. तो तिने बराच वेळ बघितला. मग ती चार पावलं बाजूला गेली आणि तिने फोन लावला. सोसायटीच्या सेक्रेटरींना असणार, कारण पहिलंच वाक्य होतं, उद्यापासून माणूस येणार होता त्याबद्दल. मी जॅकेटचे बंद सोडत होते आणि मला स्पष्ट ऐकू आलं.

“सॉरी हां काका, बाबांचं नाही जमणार. त्यांना ऑलरेडी नोकरी आहे.”